समुद्राला रविवार नसतो

दिवाळीचा फराळ संपत आला आणि पुण्याच्या पहाटेला जरा गारवा आला, की अनेक घरांत एक विषय हमखास निघतो. एका दिवसात समुद्र करून यायचा, तर कुठला? ‘करून यायचा’ हा शब्दप्रयोग आपला खास. अष्टविनायक करतात, चारधाम करतात, तसा समुद्रही करतात. मग चर्चेला रंग चढतो. अलिबाग नको, तिथे पुणं आणि मुंबई दोन्ही लोटलेली असतात. काशीदची वाळू पांढरी आहे. दिवेआगरला किनारा लांबच लांब. श्रीवर्धनला बांधलेला कट्टा आहे, म्हाताऱ्या माणसांना बसायला बरा. कुणाच्या तरी मेहुण्याने कुठल्याशा खानावळीत खाल्लेल्या सुरमईची आठवण निघते. ताम्हिणीचा रस्ता सध्या कसा आहे, यावर घरात दोन पक्ष पडतात. शेवटी गाव ठरतं, गाडी ठरते. तारीख ठरवायची नसतेच. रविवार.

या साऱ्या चर्चेत एक प्रश्न मात्र मी पुण्यातल्या घरांत कधी ऐकला नाही. त्या दिवशी भरती किती वाजता आहे? लग्नाला मुहूर्त पाहणारी, अमावास्येला नवी गाडी दारात न आणणारी आपली माणसं समुद्रावर जाताना भिंतीवरच्या कालनिर्णयाकडे ढुंकूनही पाहत नाहीत. आणि तिथीचा रोकडा, व्यवहारी उपयोग जर कुठे होत असेल, तर तो नेमका तिथे होतो. माझं म्हणणं थोडक्यात असं, की एका दिवसाची सहल असेल तर आधी तिथी पाहावी, मग गाव पाहावं, आणि वाळूचा रंग सगळ्यात शेवटी पाहावा. हे म्हणणं नुसतं सोयीचं नाही. दर वर्षी आपल्या किनाऱ्यांवर जी माणसं बुडतात, त्यांतली कितीतरी अशीच एका दिवसासाठी आलेली असतात.

आधी पुणेकराच्या सहलीचं घड्याळ पाहू. अलिबाग म्हणा, दिवेआगर म्हणा, अंतर दीडशे किलोमीटरच्या आत-बाहेर. सहाला निघायचं ठरतं आणि साडेसहाला निघणं होतं. वाटेत मिसळ किंवा इडली. घाट उतरून समुद्राच्या गावी पोचेपर्यंत साडेदहा-अकरा. लगेच पाण्यात उतरणारी मुलं एक तासभर उतरतात, पण मोठ्यांचं लक्ष जेवणाकडे असतं, कारण थाळ्या आधी सांगून ठेवलेल्या असतात. जेवण दोनपर्यंत. मग जरा पडायचं. तीनच्या सुमारास सगळे मिळून ‘आता खरा समुद्र’ म्हणून निघतात. पाच वाजता कुणीतरी घाटातल्या काळोखाची आठवण करून देतो आणि ओल्या कपड्यांनिशी मंडळी गाडीत बसतात. म्हणजे चारशे मिनिटांचा प्रवास करून माणूस समुद्राच्या वाट्याला खऱ्या अर्थाने देतो दुपारचे दोन तास, तीन ते पाच. हे दोन तास लक्षात ठेवा.

मला हा हिशेब कळला तो नोकरीमुळे. १९८७ ते १९९० अशी तीन वर्षं मी अलिबाग तालुक्यातल्या आमच्या बँकेच्या एका शाखेत होते. कर्जाचं खातं माझ्याकडे. नारळ-सुपारीच्या वाड्यांची कर्जं होती, आणि होड्यांना यंत्र बसवण्यासाठी घेतलेली मच्छीमारांची. वसुलीला कोळीवाड्यात जावं तर घराघरांतून बायका सांगायच्या, मालक दर्यावर गेलेत. दोन फेऱ्या फुकट गेल्यावर शाखेतले दफ्तरी, जे स्वतः कोळीवाड्यातलेच होते, मला म्हणाले, “मॅडम, परवा पौर्णिमा. आत्ता कोण घरी भेटणार? भांगात जाऊ, अष्टमीला.”

भांग म्हणजे अष्टमीच्या आसपासची मंद भरती-ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला सूर्य आणि चंद्र एका रेषेत येऊन पाणी ओढतात, ते उधाण. अष्टमीला ते काटकोनात असतात, एकाची ओढ दुसरा कमी करतो, तो भांग. आमच्याकडची बरीचशी मासेमारी डोल जाळ्याची. नरसाळ्यासारखं हे जाळं खुंटांना बांधून प्रवाहाच्या तोंडाशी लावतात. मासळी पकडायचं काम प्रवाहच करतो. त्यामुळे उधाणात पाण्याला ओढ असते तेव्हा होड्या समुद्रात, आणि भांगात माणसं घरी जाळी विणत बसलेली. पुढची तीन वर्षं मी अष्टमीची वसुली केली आणि वरिष्ठांची शाबासकीही मिळवली. त्यांना वाटलं, माझी चिकाटी.

भरतीची वेळ काढायची रीतही त्या दफ्तरींनीच शिकवली. तिथीची पाऊणपट करायची. जुन्या शाळेत पावकी, निमकी आणि पाऊणकी पाठ करून घेत, त्यांतली ही पाऊणकी. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन. म्हणजे तीन वाजता पूर्ण भरती. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा. एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमा किंवा अमावास्या म्हणजे पंधरा, त्याची पाऊणपट सव्वाअकरा. वद्य पक्षात पुन्हा एकपासून मोजायचं. जी वेळ येते ती दिवसाची आणि रात्रीचीही, आणि तिच्यात साधारण सहा तास मिळवले की पूर्ण ओहोटी. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो, गावागणिक थोडं बदलतं; पण किनाऱ्यावर पाऊल टाकण्याआधी पाणी येतंय की जातंय एवढं कळायला ही रीत पुरते. आता हे सगळं मोबाइलवर मिनिटाबरहुकूम मिळतं. भारतीय सर्वेक्षण विभाग वर्षभराची भरती-ओहोटीची कोष्टकं आगाऊ छापतो. साधन कमी आहे म्हणून आपण पाहत नाही, असं मुळीच नाही.

आता ही पाऊणकी आणि पुणेकराचं घड्याळ शेजारी-शेजारी ठेवा. आपल्या किनाऱ्यावर पौर्णिमा-अमावास्येची भरती नेहमी दुपारी बाराच्या आगेमागेच पूर्ण होते. दर महिन्याला, दर पंधरवड्याला, तीच वेळ. म्हणजे उधाणाची ओहोटी बारा-एकला सुरू होते आणि सहा-सातपर्यंत चालते. पाणी या सहा तासांत सारख्या गतीने उतरत नाही. पहिल्या तासात थोडं, दुसऱ्यात त्याहून जास्त, आणि तिसऱ्या-चौथ्या तासात मिळून जवळजवळ निम्मं पाणी निघून जातं. मग पुन्हा मंद. बाराला भरती पूर्ण झाली असेल तर हे तिसरे-चौथे तास येतात दोन ते चार. पौर्णिमा उलटून एक-दोन दिवस झाले की उधाण सर्वांत मोठं, आणि तेव्हा तेच तास सरकून येतात तीन ते पाच. महिन्यातली सर्वांत मोठी ओढ आणि थाळी जेवून, वामकुक्षी उरकून पाण्यात उतरलेला माणूस यांची गाठ अशी चुकता चुकत नाही. हा योगायोग नाही, निसर्गाचं वेळापत्रकच तसं आहे. त्यात आपलं वेळापत्रक आपण हौसेने नेऊन बसवलं आहे.

मुंबई-रायगडच्या किनाऱ्यावर उधाणाच्या भरती-ओहोटीत पाण्याच्या पातळीत चार मीटरच्या आसपास फरक पडतो. गोव्यात तो याच्या निम्म्यावर येतो. उत्तरेला खंभातच्या आखातात तो दहा मीटरपर्यंत चढतो. त्यामुळे गोव्याच्या समुद्रात चार दिवस डुंबून आलेल्या माणसाचा आत्मविश्वास रायगडात कामाचा नाही. साहित्यात समुद्र अथांग असतो. मीही तो कादंबऱ्यांतून तसा लिहिला आहे. अलिबागचा समुद्र पुष्कळदा गुडघाभर असतो आणि माणसाला धीट करतो तो त्यामुळेच. सपाट किनाऱ्यावर चार मीटर उंचीचं पाणी म्हणजे आडवं फर्लांगभर, दोन फर्लांग वाळू. ओहोटीच्या पाण्यामागे माणूस चालत जातो, कमरेएवढं पाणी शोधत. ते सापडतं तेव्हा तो किनाऱ्यापासून इतका लांब असतो, की त्याची हाक कुणाला ऐकू जाणार नाही.

आणखी एक गोष्ट किनाऱ्यावरच्या माणसांना ठाऊक असते आणि आपल्याला नसते. लाटांनी किनाऱ्यावर आणून टाकलेलं पाणी परत जायला वाट शोधतं. वाळूच्या दांड्यामध्ये जिथे खोलगट फट असेल, तिथून ते जोराने बाहेर निघतं. त्या पट्ट्यात लाटा फुटत नाहीत. वरून पाहणाऱ्याला तो भाग शांत दिसतो, आणि बायका-मुलांना घेऊन आलेला जबाबदार माणूस नेमका तो शांत भाग पाहून तिथे उतरतो. तिथे पाय सुटला तर किनाऱ्याच्या दिशेने हातपाय मारून उपयोग नसतो, दमछाक होते. किनाऱ्याला समांतर, आडवं पोहत त्या पट्ट्यातून बाहेर पडायचं असतं. हे एक वाक्य शाळेच्या पुस्तकात सातशे वीस किलोमीटरचा किनारा असलेल्या राज्याने ठळक छापायला हरकत नव्हती.

मात्र पाऊणकी म्हणजे कवचकुंडलं नव्हेत. १ फेब्रुवारी २०१६ ला, सोमवारी दुपारी, मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून आलेल्या एका महाविद्यालयीन सहलीतले १४ विद्यार्थी बुडाले. त्या दिवशीची तिथी मी नंतर पाहिली. माघाच्या आधीची, पौष वद्य अष्टमी. भांगाचा दिवस. उधाण नव्हतं, आणि पाऊणकीच्या हिशेबाने दुपारी पाणी उतरत नसून चढत असायला हवं होतं. त्या दुपारी पाण्याखाली नेमकं काय घडलं याबद्दल पुण्यात घरी बसून बोलण्याचा मला अधिकार नाही. एवढंच म्हणेन, की भरतीचं पाणीही वाळूच्या दांड्यामागच्या खळग्यांत आधी भरतं, आणि पुढे गेलेल्या माणसाच्या पाठीमागे खोल होत जातं. शिवाय दूर दक्षिणेच्या महासागरात उठलेल्या वादळाच्या लाटा कधीकधी काही दिवसांनी, इथे वाराही नसताना, आपल्या किनाऱ्यावर येऊन आपटतात. त्यांचा इशारा हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही केंद्र सरकारची संस्था देते. तो मच्छीमारांपर्यंत पोचतो. सहलीच्या बसपर्यंत तो कोण पोचवणार?

अशी दुर्घटना झाली की आपल्याकडे दोनच गोष्टी होतात. बंदीची मागणी, आणि ‘येथे पोहणे धोक्याचे आहे’ असा एक लोखंडी फलक. बंदीने शहरी माणूस समुद्रावर जायचा थांबत नाही, तो फक्त पहारा नसलेल्या किनाऱ्यावर जातो. आणि वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस एकच वाक्य सांगणारा फलक कुणी वाचत नाही. आमच्या शाखेत मुदत ठेवींच्या व्याजदराचा फलक होता, आकडे काढता-घालता येणारा. दर बदलला की शिपाई स्टुलावर चढून आकडा बदलायचा. लोक तो आल्याआल्या वाचायचे, कारण तो बदलतो हे त्यांना माहीत होतं. प्रत्येक किनाऱ्यावर, गाड्या लावतात त्या जागेपाशी, असा एक फलक का असू नये? आज तिथी अमुक. पूर्ण भरती इतक्या वाजता. पूर्ण ओहोटी इतक्या वाजता. पाण्यात जायचं तर या दोन झेंड्यांच्या मध्ये. ग्रामपंचायत गाड्या लावण्याचे पैसे घेते, त्यातून रोज सकाळी आकडे बदलणाऱ्या एका मुलाचा पगार सुटेल. गोव्याने २००८ पासून किनाऱ्यांवर पगारी जीवरक्षक नेमण्याचं काम एका खासगी संस्थेकडे दिलं. तिथला समुद्र आपल्यापेक्षा सौम्य, तरी त्यांना ते आवश्यक वाटलं. रायगड-रत्नागिरीत लोकांना वाचवायला अजूनही बहुतेक वेळा धावतो तो होडीवाला, किंवा भेळेच्या गाडीवरचा पोरगा.

आता गावांकडे वळू, कारण वाचणाऱ्याला शेवटी गावाचं नाव हवं असतं.

अलिबागला जाणाऱ्याला कुलाबा किल्ला चालत जाऊन पाहायचा असतो. शिवाजी महाराजांनी बांधायला घेतलेला, पुढे आंग्र्यांनी गाजवलेला हा किल्ला ओहोटीला पायी गाठता येतो, हे सर्वांना माहीत असतं. कुठल्या ओहोटीला, ते माहीत नसतं. कोरड्या पायांनी जायचं तर उधाणाची ओहोटी हवी, आणि ती पूर्ण होते सकाळ-संध्याकाळी सहाच्या सुमारास. तेव्हा पुणेकर एक तर झोपलेला असतो, नाही तर घाटात असतो. अष्टमीला ओहोटी बाराला येते खरी, पण भांगात पाणी पुरतं हटत नाही. मग घोडागाडीवाल्यांचं फावतं. त्यातल्या त्यात दशमी-एकादशीचा रविवार धरावा. दीड-दोनच्या सुमारास ओहोटी, पाणीही बऱ्यापैकी मागे गेलेलं. साडेबाराला निघावं आणि अडीचच्या आत वाळूवर परत यावं. गणपतीच्या देवळात आणि गोड्या पाण्याच्या विहिरीपाशी रेंगाळलेली मंडळी किल्ल्यात अडकून पडतात, तो त्यांचा दोष. समुद्र कुणासाठी थांबत नाही आणि होडीवाला फुकट येत नाही.

हरिहरेश्वरला तर प्रदक्षिणेलाच भरती-ओहोटीचा नियम आहे. डोंगराच्या कड्याखालून, लाटांनी कोरलेल्या खडकावरून जाणारी ती वाट फक्त ओहोटीला चालायची. ज्यांनी तो नियम धाब्यावर बसवला, त्यांतले काही परत आले नाहीत. देवाच्या दारीसुद्धा समुद्राची वेळ पाळायची असते, हे मला त्या क्षेत्राचं मोठं शहाणपण वाटतं. ओहोटी नसेल तर वरून नमस्कार करावा.

काशीद दिसायला देखणं आहे यात शंका नाही. पण तिथला उतार अलिबाग-नागावपेक्षा उभा आहे, दहा पावलांत पाणी छातीला येतं आणि लाट अंगावर फुटते. काशीदला सुरूच्या सावलीत बसून समुद्र बघावा. लहान मुलं बरोबर असतील तर आक्षी, नागाव किंवा दिवेआगरचा मंद उताराचा किनारा बरा. आक्षीला जाताना तिथला शके ९३४चा, म्हणजे इसवी सन १०१२चा, मराठीतला सर्वांत जुना मानला जाणारा शिलालेख पाहायला विसरू नये. मराठीच्या नावाने रोज भांडणाऱ्या आपल्या माणसांच्या गाड्या त्याच्यासमोरून थांबल्याशिवाय पुढे जातात. रेवदंड्याचा किनारा मला स्वतःला आवडतो तो पोर्तुगीज तटाच्या पडक्या भिंतींमुळे. पोहायला मात्र मी तिथे कुणाला पाठवणार नाही, खाडीचं मुख जवळ आहे आणि खाडीच्या तोंडाशी ओहोटीची ओढ दुप्पट समजावी. हा नियम कुठल्याही गावाला लावावा. मुंबईकरांची गोष्ट वेगळी. त्यांना गेटवेहून मांडव्याच्या लाँचेस आहेत, २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून गाडीसकट नेणारी रो-रो बोट आहे. ते मनात आणलं तर साडेनऊला वाळूवर असतात आणि दुपारचे घातक तास झाडाखाली काढू शकतात. उत्तरेकडच्यांना केळवे आणि बोर्डी आहेत. बोर्डीचा समुद्र ओहोटीला इतका मागे जातो, की आपण समुद्रावर आलोत की माळावर, असा प्रश्न पडावा.

वाळूवर गाडी नेणाऱ्यांबद्दल मी लिहिणार नव्हते. पण भरतीत अर्धी बुडालेली गाडी दोरखंडांनी ओढणारे गावकरी हे दृश्य आता इतकं नेहमीचं झालं आहे, की राहवत नाही. त्याच वाळूत हिवाळ्यात कासवं अंडी घालतात. गाडी धुऊन निघते.

निवडीची आणखी एक कसोटी आहे, जिचा उल्लेख पुरुषांनी लिहिलेल्या प्रवासवर्णनांत सापडत नाही. बायकांना कपडे बदलायला आणि लघवीला जागा कुठे आहे? आमच्या सोसायटीच्या महिला मंडळाच्या सहलीत निम्म्या बायका माणगावनंतर पाण्याचा घोट घेत नाहीत, हे मी पाहिलेलं आहे. भर उन्हात, तहानलेल्या, अशा अवस्थेत त्या समुद्रात उतरतात, आणि चक्कर आली की ‘ऊन लागलं’ म्हणतात. म्हणून मी किनाऱ्याच्या आधी घर शोधते. वाडीतलं एखादं घर, जिथे जेवण सांगता येईल, विहिरीच्या पाण्याने अंगावरचं खारं पाणी उतरवता येईल आणि दार लावून साडी बदलता येईल. अशी घरं आता पुष्कळ आहेत. ती पुष्कळ का झाली, हेही ठाऊक असावं. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं आणि श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड, अलिबागच्या वाड्या एका दुपारीत आडव्या झाल्या. श्रीवर्धनी रोठा सुपारीची झाडं काडीसारखी मोडली. सुपारीचं झाड फळावर यायला सहा-सात वर्षं लागतात, नारळाला जातीप्रमाणे तितकी किंवा जास्त. वाडीची कर्जं मंजूर करताना पहिली काही वर्षं हप्ता धरायचा नाही, हे आम्हाला शिकवलेलं होतं. कारण त्या काळात वाडी देत काही नाही, फक्त मागते. निसर्गनंतर कितीतरी घरांची ती कोरी वर्षं नव्याने सुरू झाली. मधल्या काळात चूल पेटती ठेवली ती खोल्या आणि थाळ्यांनी.

आणि अशा घरात जेवण्याचा खरा फायदा जेवणापलीकडचा आहे. हॉटेलचा वेटर तुम्हाला ताटाचे पैसे विचारतो. वाडीतली काकू विचारते, “आत्ता कुठे निघालात?” आणि सांगते, “आत्ता नको, पाणी ओढतंय. चहा घ्या, मग उत्तरेकडच्या अंगाला जा, तिकडे खळगा नाही.” ती पोहलेली असेलच असं नाही. पण त्या किनाऱ्यावर कोण कुठे गेलं, ते तिला वर्षांनिशी ठाऊक असतं. तिचं ऐकणारा पाहुणा हवा. तरुण मुलं हसतात आणि ‘आम्हाला पोहता येतं’ म्हणतात. त्यांना येतं ते तरणतलावात.

माझ्या हिशेबाने पोहण्यासाठी सर्वांत चांगला रविवार चतुर्थी-पंचमीचा. पूर्ण भरती तीन-पावणेचारला, म्हणजे जेवणाआधी आणि जेवणानंतरही पाणी किनाऱ्याकडे येत असतं. पोहणाऱ्याला आत ओढण्यापेक्षा बाहेर लोटायचा त्याचा कल. समुद्र मागे हटू लागतो तेव्हा आपली गाडीत बसायची वेळ झालेली असते. ना उधाण, ना भांग, मध्यम पाणी. दिवाळीनंतर फेब्रुवारीपर्यंत असे तीन-चार रविवार सहज निघतात.

यात अडचण एकच, आणि ती मी मंडळाच्या बैठकीत मांडली तेव्हा चांगलाच गोंधळ उडाला. वद्य चतुर्थी म्हणजे संकष्टी. निम्म्या बायकांचा उपास, चंद्रोदयापर्यंत सुरमई नाही. कुलाब्यासाठी चांगली एकादशी, तर तिथेही तेच. म्हणजे समुद्र सोयीचा तेव्हा ताट सोयीचं नाही. एका सदस्येने शुद्ध चतुर्थीचा तोडगा सुचवला, तर दुसरीने विनायकीही मी करते म्हणून तो मोडून काढला. षष्ठीला भरती साडेचारला, मग निघायला उशीर आणि घाटात काळोख. ड्रायव्हर तयार नाही. अखेर पंचमीवर तडजोड झाली. गाव नागाव. वाडीतल्या काकूंना फोन करून बावीस ताटं सांगितली आहेत, त्यांतली सहा शाकाहारी. पाण्यात अडीच ते चार. चारला शिट्टी मी वाजवायची, असं ठरलं आहे.